बाजूची सीट

बेळगावजवळच्या कंग्राळीच्या मालुबाई पावशे यांना गुरुवारी कोणी काम सांगत नसे. भिशी असो, बारसं असो की रेशनची रांग, गल्लीतल्या बायका म्हणायच्या, गुरुवार सोडून धरा, गुरुवारी मालाक्का निपाणीला असती. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. सकाळी साडेसातला मालुबाई इस्त्रीची साडी नेसून नवऱ्याच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसत आणि दिवेलागणीला परत येत.

नवरा, ज्योतिबा, पॅटर्न मेकर. लोखंडाचा जो भाग फौंड्रीत ओतायचा तो आधी लाकडात हुबेहूब करतात, वाळूत दाबून त्याचा साचा उठवतात आणि मग त्यात तापलेला रस ओततात. तो लाकडाचा भाग म्हणजे पॅटर्न. उद्यमबागेत ज्योतिबांची पत्र्याची शेड आहे. पस्तीस वर्षं ते सागवान तासत आलेत. पूर्वी सगळं काम बेळगावातलंच असायचं. आता निम्मंअधिक महाराष्ट्रातल्या कागलकडच्या फौंड्र्यांचं. पॅटर्न पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला बांधून न्यायचे तर खड्ड्यांत कडा जायच्या, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक सेकंडहँड वॅगनार घेतली.

मालुबाई त्या गाडीत पहिल्यांदा बसल्या त्या कामासाठीच. पंपाच्या पंख्याचा पॅटर्न होता, पाकळ्या पापडासारख्या पातळ. मागच्या सीटवर ठेवायला ज्योतिबांचा धीर होईना. मांडीवर घेऊन बस म्हणाले. मालुबाई कागलपर्यंत तो पॅटर्न धरून बसल्या, आणि तिथं फौंड्रीच्या गेटवर गाडीत दोन तास घामाघूम होऊन वाट बघत राहिल्या. पुढच्या गुरुवारी पॅटर्न धरण्यासारखा नव्हता, तरी ज्योतिबांनी विचारलं, येतीस का. वाटेत निपाणीत मालुबाईंची थोरली बहीण गुणाबाई राहते. जाताना तिच्या दारात सोडतो, येताना घेतो, म्हणाले. तेव्हापासून गुरुवार ठरला.

लोकांना वाटायचं, मालाक्काला बहिणीची ओढ लई. मालुबाईही कोणाला खोडून काढत नसत. बहिणीची ओढ होतीच. पण साडी आदल्या रात्री काढून ठेवावी एवढी नव्हती.

खरी गोष्ट अशी की ज्योतिबा न बोलणारे. घरात त्यांचं बोलणं म्हणजे मीठ दे, लाईट गेली, विक्रम आला का. विक्रम म्हणजे मुलगा, तोही शेडवरच काम करतो. जेवताना बातम्या लागतात, जेवण झालं की डोळे मिटतात. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी मालुबाईंना नवऱ्याच्या मनातलं कळायचं ते त्याच्या कपाळावरून, आभाळावरून पाऊस कळतो तसं. पण गाडी सुरू झाली, काकती मागं पडली, वंटमुरीचा घाट लागला की ज्योतिबांची जीभ सुटायची. ज्या उस्तादाच्या हाताखाली काम शिकले तो चुकलं की पट्टीनं बोटांवर कसा मारायचा ते सांगायचे. अठराव्या वर्षी घरात भांडून गोव्याला पळून जायचं ठरवलं होतं आणि खानापूरच्या स्टँडवरून परत आलतो, हे त्यांनी पहिल्यांदा गाडीतच सांगितलं. मालुबाईंनी विचारलं, परत का आलासा? म्हणाले, भूक लागलती.

मालुबाईंनी यावर मनाशी विचार केला होता. घरात बोलायचं तर एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागतं, आणि तोंडाकडं बघितलं की दहा कामं आठवतात. गाडीत दोघांनाही समोर बघायचं असतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जन्मून तिसऱ्या दिवशीच गेलेल्या लेकीबद्दल ती दोघं आयुष्यात एकदाच बोलली, ती तवंदीच्या उतारावर. पुढं उसाची ट्रॉली होती, तिच्या मागनं हळूहळू जात होते. ट्रॉली बाजूला झाल्यावर ज्योतिबांनी गिअर बदलला आणि विषयही बदलला. पण तेवढं बोलणं मालुबाईंना पुरलं होतं.

हा गुरुवार गेला तो एका वहीमुळं.

विक्रमच्या आग्रहानं शेडमध्ये कर्ज काढून नवीन मशीन बसवलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मशीन लाकूड कोरतं. तोवर ज्योतिबांचं इन्कम टॅक्सचं काम सोपं होतं. वर्षाच्या धंद्यावर ठरावीक टक्के नफा धरायचा आणि रिटर्न भरायचं, त्यात कुठला खर्च वेगळा दाखवायचा नाही. कर्जाचं व्याज आणि मशीनचा खर्च आल्यावर ते परवडेना. सून रचना बी.कॉम. आहे, बेळगावात एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. तिच्या साहेबांनी सल्ला दिला, यंदापासून खरा जमाखर्च ठेवा, मग गाडीचाही खर्च धरता येईल.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला रचनानं सासऱ्यांच्या हातात एक लांबडी वही दिली. गाडी कधी, कुठं, कशासाठी गेली ते रोजच्या रोज लिहायचं, निघताना आणि आल्यावर मीटरचा आकडा लिहायचा. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, गाडीचा घसारा, हे सगळं धंद्याच्या खर्चात धरता येतं, पण गाडी धंद्यासाठी जेवढी फिरली तेवढाच वाटा. घरकामाला फिरली तो वजा.

ज्योतिबा अर्ध्या मिलिमीटरवर भांडणारे. वही बघून त्यांना बरंच वाटलं. पहिल्या आठवड्याचं लिहून त्यांनी ती सुनेपुढं ठेवली. रचनानं मीटरचे आकडे आणि लिहिलेले किलोमीटर ताडून बघितले तर दर खेपेला चार-पाच किलोमीटर जास्त.

तिनं विचारलं, हे कुठनं आले?

ज्योतिबा म्हणाले, ओतलेलं कास्टिंग थंड होताना आटतं. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करतात, पुन्हा मशीनवर घासायला म्हणून वर आणखी थोडं ठेवतात. सरकारकडं गेलेला कागदही आटणारच, साहेब लोक काटणारच, म्हणून आधीच तेवढं धरून ठेवलंय.

रचना हसत सुटली. मग मात्र ऑफिसात बोलते तशी बोलली. "मामा, हे खोटं होतं. मीटर जे दाखवतंय तेच लिहायचं. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

पस्तीस वर्षांत ज्योतिबांच्या मापाला कोणी खोटं म्हटलं नव्हतं. त्यांनी जास्तीचे किलोमीटर खोडले. मग त्यांनी विचारलं, आणि गाडीत घरचं माणूस बसलं तर? रचना डब्याचं झाकण शोधत होती, साडेनऊची बस चुकायची वेळ झाली होती. म्हणाली, तो घरचा वापर मामा, तो वजा. आणि गेली.

त्या गुरुवारी मालुबाई साडी नेसून, गुणाबाईसाठी डब्यात कुंदा घेऊन दारात आल्या. ज्योतिबा गाडीची काच पुसत होते.

"आजपासनं तू बसायचं न्हाय," ते काचेकडं बघत म्हणाले. "गाडी हिशेबाची हाय आता."

मालुबाईंनी का म्हणून विचारलं नाही. विचारून मिळालेली सीट त्यांना नको होती. आत जाऊन त्यांनी साडी बदलली, घडी घातली आणि कुंदा दुपारी घरातच वाढला.

त्यानंतर ज्योतिबांनी गाडीचा जो नेम चालवला त्याची गल्लीभर चर्चा झाली. हिंडलग्याला पुतणीचं लग्न होतं. काठपदराची साडी, गळ्यात सगळं सोनं, अशा थाटात मालुबाई मोटरसायकलवर मागं बसून गेल्या आणि घरासमोर गाडी ताडपत्री पांघरून उभी राहिली. रचनाला पावसात स्टॉपवर सोडायला नकार. शेजारच्या शामूला गॅसची टाकी आणायची होती, त्यालाही नकार. एकदा ज्योतिबा फौंड्रीतून येताना गिरणीवरूनच येणार होते, वाटेतच होती, पण पिठाचा डबा गाडीत घेतला नाही. घरी गाडी लावून पुन्हा मोटरसायकलवर गेले.

"पीठ बी खाजगी का?" मालुबाईंनी विचारलं.

"भाकरी आपुनच खातोय न्हवं," ज्योतिबा म्हणाले.

शामू तर जाता-येता विचारायचा, ज्योतिबाआण्णा, गाडीवर लाल दिवा कवा बसवताय?  ज्योतिबा रात्री जेवण झालं की चष्मा लावून वही लिहीत, आणि ती कपाटात कर्जाच्या कागदांच्या वर ठेवत.

रचनाला वाटलं, सासूचे गुडघे दुखतात म्हणून त्यांनी निपाणी बंद केली असावी. एकदा तिनं सुचवलंही, आत्या, बस फुकट आहे की बायकांना, आधार कार्ड दाखवलं की झालं. गुणामावशींकडं जाऊन या. तिचं म्हणणं बरोबरच होतं. मालुबाई दोनदा बसनं गेल्या. कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट दिलं, खिडकीची जागा मिळाली, शेजारी संकेश्वरपर्यंत एक बाई होती. तिनं लेकीच्या बाळंतपणाचं सगळं सांगितलं. गुणाबाईकडं पोळी झाली, चहा झाला, दुपारी लवंडणं झालं. संध्याकाळी परत. कुठं काही कमी नव्हतं. पण परत आल्यावर मालुबाईंना आपण दिवसभर कुठं गेलतो असं वाटेना. तिसऱ्यांदा त्या गेल्या नाहीत. गुणाबाईचा फोन आला, मला इसरलीस काय गं म्हणून. मालुबाईंनी गुडघ्यांचं नाव सांगितलं. गुडघे तसे दुखतही होते, त्यामुळं खोटं बोलल्याचं वाटलं नाही.

घरात काही बिघडलं नव्हतं, एवढंच की ज्योतिबा आणखी गप्प झाले. शेडमध्ये आता मशीनचा आवाज असतो, विक्रम कॉम्प्युटरपुढं असतो. ज्योतिबा कडा घासतात, भेगांत लुकण भरतात, रंग देतात. घरी आल्यावर टीव्ही. कपाळावर काहीतरी साठत चाललंय हे मालुबाईंना दिसत होतं, पण काय ते कळायला गाडी नव्हती. दोन-तीनदा त्यांनी जेवताना विचारून बघितलं. ज्योतिबा म्हणाले, काय न्हाय. टीव्हीवर नेमका कुठला तरी पूल वाहून गेलेला दाखवत होते.

गणपती झाले. सप्टेंबरच्या पंधरा तारखेच्या आत आगाऊ टॅक्सचा हप्ता भरायचा होता, म्हणून साहेबांनी रचनाला सांगितलं की सासऱ्यांची गाडीची वही बघून घे, खर्चाचा अंदाज काढू. रविवारी सकाळी रचना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वही चाळायला लागली. मालुबाई समोर मुगाच्या शेंगा सोलत होत्या. ज्योतिबा बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत होते.

रचनानं एक पान वाचलं, दुसरं वाचलं, मग मागं गेली.

"आत्या, हे काय लिहिलंय मामांनी?"

मालुबाईंना बिनचष्म्याचं वाचता येईना. रचनानं वाचून दाखवलं. अकरा एप्रिल, गुरुवार. कंग्राळी ते कागल. पंपाच्या बॉडीचे दोन पॅटर्न पोच. जाऊन येऊन एकशे ब्याण्णव किलोमीटर. बाजूची सीट रिकामी. अठरा एप्रिल, गुरुवार. कंग्राळी ते कागल. एक पॅटर्न दुरुस्तीला आणला. एकशे ब्याण्णव किलोमीटर. बाजूची सीट रिकामी. पंचवीस एप्रिल. बाजूची सीट रिकामी. मे, जून, जुलै. उद्यमबागेतल्या उद्यमबागेत दिलेल्या खेपांना असलं काही नव्हतं. फक्त गुरुवारी. ठळक, एकसारख्या अक्षरात, शेवटच्या रकान्यात. रचनानं बोटानं मोजलं. एकोणीस वेळा.

मालुबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

रचनानं सासऱ्यांना आत हाक मारली. ज्योतिबा दारात उभे राहिले.

"मामा, बाजूची सीट रिकामी, असं का लिहिलंय?"

"पुरावा," ज्योतिबा म्हणाले. "उद्या कोण म्हणाय नको, बायकोला फिरवतोय आणि खर्च धंद्यावर टाकतोय."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

"तूच की."

रचनाला आधी काही आठवेना. मग डब्याचं झाकण आठवलं, आणि ती कपाळाला हात लावून बसली. तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. घरकामासाठी गाडी बाहेर काढली तर ते किलोमीटर घरचे. पण गाडी जर पॅटर्न पोचवायलाच कागलला चालली असेल, तर आत एक माणूस असो की चार, खेप कामाचीच.

"मामा, आत्या बसल्यानं रस्ता लांबतो का?"

ज्योतिबांनी खरोखर विचार केला. "पेट्रोल थोडं जास्त खाईल," म्हणाले.

"माझ्या वजनाचं बी लिवा मग वहीत," मालुबाई म्हणाल्या.

रचना हसली. ज्योतिबा हसले नाहीत. ते दारातून पुढं येऊन खाली बसले आणि वही स्वतःकडं ओढून घेतली. म्हणजे मागचे सगळे गुरुवार फुकट गेले, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होतं, पण ते त्यांना मांडता येईना. त्यांनी विचारलं ते वेगळंच. निपाणीत आत वळायचं, गुणाक्काच्या दारापर्यंत जायचं, पुन्हा हायवेला यायचं, त्याचं काय? ते मात्र घरचं, रचना म्हणाली. ते तेवढं वजा करायचं. आणि हिंडलग्याचं लग्न, पिठाचा डबा, तिला स्टॉपवर सोडणं, हे सगळं खुशाल करा, फक्त खरं लिहा. वर्षाच्या शेवटी शंभरातले दहा किलोमीटर घरचे निघाले तर दहा टक्के खर्च सोडून द्यायचा, नव्वद धरायचा. गाडी काही सरकारला दान दिलेली नाही.

मग तिला एक युक्ती सुचली. आत्या पॅटर्न धरून बसतात, वाटेत कन्नड कागद आला तर मामांपेक्षा चटचट वाचतात. त्यांना मदतनीस म्हणून दाखवता येईल, थोडा पगारही लावता येईल.

मालुबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "मला पगारबिगार नको. मी कामाला जात न्हवते."

"मग कशाला जात होता?" रचनानं सहज विचारलं.

मालुबाईंनी सुनेकडं बघितलं. दोन वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. विक्रम रात्री तिच्याशी बोलायचा, हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं, शब्द नाही पण आवाज. चांगली गोष्ट होती. "बसायला जात होते," त्या म्हणाल्या आणि फोलपटं टाकायला मागच्या दारी गेल्या.

ज्योतिबा त्यांच्या मागनं आले. परड्यात उभं राहून थोडा वेळ शेवग्याकडं बघत राहिले.

"गुरुवारी येतीस?"

"बघू," मालुबाई म्हणाल्या.

पाच महिन्यांचा राग होता, तो एका बघूमध्ये मावण्यासारखा नव्हता. पण मोठं भांडण करायची त्यांना सवय नव्हती, आणि ज्योतिबांना भांडण कळायला वेळ लागायचा. त्यांनी सोमवार, मंगळवार, बुधवार होकार दिला नाही. ज्योतिबांनीही पुन्हा विचारलं नाही. फक्त बुधवारी संध्याकाळी गाडीवरची ताडपत्री काढून बाजूच्या सीटवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. सीटवर पाच महिन्यांत लाकडाचा भुसा, बिलं, एक रिकामी बाटली आणि रंगाचा ब्रश साठला होता. ब्रश वाळून सीटला चिकटला होता. तो काढताना रेक्झिनचा तुकडा गेला. त्यावर त्यांनी जुना टॉवेल अंथरला.

गुरुवारी पहाटे मालुबाईंनी दोघांचा डबा केला. बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. गुणाबाईसाठी काही घेतलं नाही. साडेसातला त्या टॉवेलवर बसल्या. गल्लीच्या तोंडाशी शामू दात घासत उभा होता. त्यानं हात वर करून सलाम ठोकला.

काकती मागं पडली तरी ज्योतिबा काही बोलले नाहीत. वंटमुरीचा घाट आला. मालुबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं, जागोजागी गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर वळवल्या होत्या. मालुबाईंना वाटलं, सवय मोडली. पाच महिन्यांत माणूस बोलायचंसुद्धा विसरत असेल. आपण सुरुवात करावी का, असं त्यांच्या मनात दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा राग आडवा आला.

हत्तरगीच्या टोलनाक्यावर थांबून पुढं निघाल्यावर ज्योतिबा म्हणाले, "मशीन लई सुबक काम करतंय."

मालुबाईंनी खिडकीतून नजर आत वळवली.

"मला हप्ता लागायचा ते एका दिवसात. आणि कड अशी, की बोट फिरवलं तर कळत न्हाय कुठं संपली. माझ्यापरास बरं करतंय ते."

हे होतं तर कपाळावर. मालुबाईंनी पदर नीट केला. नाही हो, तुमच्या हाताची सर कुठं, असलं काही बोलणं त्यांना जमलं असतं, पण ते खरं की खोटं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ज्योतिबांना फसवलेलं माप कळलं असतं. त्यांनी विचारलं, "मशीनला कोण सांगतंय, आटणार किती?"

"ते मी सांगतोय. विक्रमला अजून येत न्हाय. कुठं जाड, कुठं पातळ, आटताना कुठं ओढ बसणार, ते कॉम्प्युटरमध्ये न्हाय."

"मग?"

"मग काय," ज्योतिबा म्हणाले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "पण त्याला बी शिकवाय पायजे आता."

"मग शिकवा की."

"त्यो इचारत न्हाय."

"तुमचाच ल्योक हाय. तुम्ही तरी कुठं कुणाला इचारता?"

ज्योतिबा हसले. मालुबाईंनी ते बाजूच्या आरशात बघितलं. संकेश्वर येईपर्यंत ज्योतिबा उस्तादावर आले होते. उस्ताद कसा एका कारागिराला ओढ कुठं बसते ते सांगायचा आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याला सांगितलं नाही त्यानं चोरून कसं शिकून घेतलं. तो दुसरा म्हणजे आपणच, हे त्यांनी बऱ्याच वेळानं सांगितलं. मालुबाईंनी मधे एकदा पाण्याची बाटली पुढं केली. तवंदीचा उतार बोलण्यात कधी सरला ते कळलं नाही.

निपाणीचा फाटा जवळ आला. ज्योतिबांनी वेग कमी केला, डावीकडचा इंडिकेटर दिला. बोलणं मधेच तुटलं, उस्तादाच्या घरी लग्न निघालं होतं आणि त्यात काहीतरी घोटाळा होणार होता.

"सरळ घ्या," मालुबाई म्हणाल्या.

"आँ?"

"सरळ. कागलला."

"आणि गुणाक्का?"

"तिला फोन केलाय काल. मी सोमवारी बसनं जाणार हाय, मुक्कामाला. फुकट तर हाय."

ज्योतिबांनी इंडिकेटर बंद केला. मग त्यांच्यातला हिशेबी माणूस जागा झाला. "गेटवर दोन-दोन तास बसाय लागतंय. ऊन असतंय."

"भाकरी आणलीया. झाडाखाली लावा गाडी."

फाटा मागं गेला. निपाणीची घरं डाव्या हाताला थोडा वेळ दिसली आणि गेली.  मालुबाईंना वाटलं, आता हे वजा-बेरीज करत असणार, आत न वळल्यानं किती किलोमीटर वाचले ते.

"मग लग्नात काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या?"

"उस्तादाच्या घरच्या."

"व्हय, त्यात असं झालं," ज्योतिबा म्हणाले. कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. उस्तादाच्या जावयानं मांडवात रुसून जेवणाचं ताट कसं सरकवलं आणि उस्तादानं पट्टी काढून सगळ्यांसमोर त्याच्या बोटांवर कशी मारली, हे दाखवायला ज्योतिबांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात वर उचलले. मालुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढची गाडी केव्हाच टोल ओलांडून महाराष्ट्रात गेली होती, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि ज्योतिबा सांगत होते की जावई रडला नाही, पण त्याची आई रडली.